खोट्या तुळईबद्दल, शुभाला

शेकर हाइट्स, ओहायो
१२ ऑक्टोबर

प्रिय शुभे,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागावली असशील, आणि तुझा राग मला मान्य आहे. तब्येती ठीक. ह्यांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, बस. पण मंगळवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

घराच्या दर्शनी गेबलमधली, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी भिंतीतली, काळी तुळई उतरवली. सुताराने पहार घातली मात्र, तळाचा हातभर तुकडा भिजलेल्या टोस्टासारखा सुटून आला. जाडी जेमतेम इंचभर! मागे काळा डांबरी कागद, त्यामागे तिरप्या फळ्या, आणि सगळा भार आतल्या दोन बाय चारच्या वाशांवर. आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला ज्यूरीपुढे डिझाइनं मांडून झाल्यावर कँटीनचं टेबल आपटून तू काय म्हणाली होतीस? "भार उचलत नाही ती तुळई खोटी." मी ट्यूडरची, जुन्या इंग्लिश घरांच्या त्या काळ्या तुळयांच्या शैलीची, बाजू घेतली म्हणून चार दिवस अबोला धरलास. वडापाव मात्र माझ्याच पैशाने खात होतीस!

घर खोटं आहे हे मला घेतानाच माहीत होतं गं. पहिल्या महायुद्धानंतर लाकडी सांगाड्यावर विटांचा पातळ थर चढवायचं तंत्र सुधारलं, आणि १९२०च्या दशकात साध्या पगारदारालाही सोळाव्या शतकातलं इंग्लंड परवडू लागलं. आमच्या गावात तर ते वसवणाऱ्या व्हॅन स्वेरिंजन बंधूंच्या कंपनीने प्लॉट विकतानाच अटी घातल्या: इंग्लिश, फ्रेंच किंवा कलोनियल, आणि नकाशे कंपनीकडून मंजूर करून घ्यायचे. पुढे घर विकायलाही कंपनीची नाहीतर शेजाऱ्यांची संमती लागेल असं कलम आलं. कोण नको होतं ते उघड आहे. तेव्हा आपल्याला कुणी संमती दिली असती? ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी संध्याकाळी शिसपट्ट्यांच्या काचांतून जिन्यावर ऊन उतरतं तेव्हा हे घर मला माझंच वाटतं.

तर, काळजी ही आहे. ती फळी मी ओट्यावर आणून धुतली. तिच्यावर वाकसाचे घाव आहेत, शुभे. कुणीतरी नवं कोरं लाकूड हाताने तासून मुद्दाम जुनं केलंय. एकही घाव दुसऱ्यासारखा नाही, आणि एके ठिकाणी वाकस घसरलाय, तेही दिसतं. आता ठेकेदार म्हणतो, सिमेंट-फायबरच्या पट्ट्या लावा, कधी कुजणार नाहीत. नमुना आणलाय. त्यावर लाकडाची रेघ साच्यातून उठवलेली, दर दोन फुटांवर तीच गाठ. ह्यांना तेच पसंत आहे, कारण ओकचा खर्च तिप्पट आहे. मी हटून बसलेय, पण कारण धड सांगता येत नाही. नुसती नक्कलच राखायची तर कशाचीही चालेल, असं हे म्हणतात. मला त्या माणसाचा हात सोडवत नाही.

वाईचा वाडा आठवतो. आपण दोघींनी खणन् खण मोजला होता. त्याची तुळई तर खरी होती ना? भार घेत होती, कडीपाट तोलत होती. पाडला तेव्हा ती लाकूडवाल्याच्या टेम्पोत गेली, आणि तू फोनवर रडलीस. खऱ्याला कुणी राखलं नाही आणि ह्या खोट्यासाठी मी भांडतेय, हे तुला कसं वाटेल, याचीच धास्ती आहे. (बाणेरच्या बंगल्याला रोमन खांब कुणी लावले, ते मी काढत नाही.)

नव्या ऑफिसचं ऐकलं, फार आनंद झाला. ओजसची बारावी कशी चाललीय? आईंना नमस्कार सांग.

सुतार गुरुवारी येणार आहे. त्याआधी फोन कर, हवं तर भांडायला कर. आणि वाड्याची ट्रेसिंग्ज अजून तुझ्या माळ्यावर असतील तर तुळईच्या जोडाचा फोटो पाठव. त्याला दाखवायचाय.

तुझी,
अंजू