किलिमांजारोच्या उतारावरची बागायत

महोदय,

टांझानियातला किलिमांजारो सर करून आलेल्या मराठी गिर्यारोहकांचे अनुभव आपल्या पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळतात. ५,८९५ मीटरवर फडकणारा तिरंगा पाहून ऊर भरून येतो. पण त्याच डोंगराच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी माणसे या लेखांत जवळजवळ नसतात. आलीच तर पाठीवर सामान वाहणारे हमाल म्हणून येतात. मी शिखराकडे गेलो नाही. उतारावरच्या मारंगू गावाजवळ, तिथल्या चग्गा या शेतकरी समाजातल्या एका कुटुंबाकडे राहिलो. माझी सुपारीची बाग आहे, त्यामुळे त्यांच्या घराभोवतीच्या बागेतून माझा पाय निघेना.

अशा बागेला चग्गा लोक ‘किहाम्बा’ म्हणतात. साधारण ९०० ते १,९०० मीटर उंचीच्या पट्ट्यात अशा बागा एकमेकींना लागून आहेत. वर सावलीची उंच झाडे, त्यांच्याखाली केळी, केळीच्या आडोशाला कॉफी आणि जमिनीलगत अळू, घेवडा, भाज्या. आपल्याकडच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागेत, वाढलेल्या माणसाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. गुरे गोठ्यातच असतात. त्यांना केळीची पाने आणि खुंट घालतात, शिवाय बायका खालच्या मैदानातून गवताचे भारे डोक्यावरून वर आणतात. शेण पुन्हा केळीच्या मुळाशी जाते. हद्दीवर ड्रॅसिनाचे कुंपण असते. भांडण मिटवायचे असेल तर याच झाडाचे पान घेऊन समोरच्याच्या दारी जायचे, ही तिथली रीत. घरात कॉफीचा पैसा बहुधा पुरुषाच्या हाती येतो, तर केळी आणि दूध बायकांचे. बाजाराच्या दिवशी केळीचे घड घेऊन बसलेल्या बायकांची गर्दी बघण्यासारखी असते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्यांचे पाट. वरच्या जंगलातून येणाऱ्या ओढ्यांचे पाणी वळवून डोंगराच्या कडेकडेने लांबवर नेलेले हे पाट पूर्वजांनी हातांनी खणलेले आहेत. पाण्याच्या पाळ्या गावच ठरवते. पाट साफ करायला घरटी माणूस यावे लागते, न येणाऱ्याला दंड होतो. आमच्या भागात असे सामाईक पाट मोडीत निघाले आणि जो तो स्वतःची विहीर, स्वतःचा पंप पाहू लागला. म्हणून हे काम अजून चाललेले पाहताना मला आनंद झाला आणि वाईटही वाटले.

या शेतकऱ्यांची सहकाराची परंपराही आपण माहीत करून घ्यायला हवी. आफ्रिकी शेतकऱ्यांनी कॉफी लावू नये यासाठी गोरे मळेवाले दबाव आणत होते, तेव्हा १९२५ मध्ये इथल्या छोट्या बागायतदारांनी आपली संघटना उभारली. १९३३ मध्ये तिच्या जागी सहकारी संघ आला. आपला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना त्यानंतरचा. १९७६ मध्ये सरकारने सहकारी संघच बरखास्त केले, पुढे ते पुन्हा सुरू झाले. पण नव्वदच्या दशकात बाजार खुला झाल्यावर भावाची शाश्वती उरली नाही. वाटण्या होत होत बागा लहान झाल्या आहेत. तरुण मोशी, अरुशा, दार-एस-सलाम या शहरांची वाट धरतात. कॉफी उपटून टोमॅटो लावणारेही आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही.

नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. तिथून ती आपल्याकडे आली आणि कोकणाची भाकरी झाली. तिथे आजही केळी आणि नाचणीपासून ‘म्बेगे’ नावाची बिअर करतात. लग्नकार्यात आणि बैठकीत ती आधी वडीलधाऱ्यांना देतात. ज्या डोंगराळ मुलखाने आपल्याला हे धान्य दिले, तिथल्या शेतकऱ्याविषयी आपल्या कृषी पानावर कधी चार ओळीही येऊ नयेत, याची खंत वाटते.

आपल्याला विनंती अशी की, चढाईहून परतणाऱ्यांकडून या गावांविषयीही लिहून घ्यावे. सहल कंपन्यांनी कार्यक्रमात गावातले निदान दोन मुक्काम ठेवावेत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांना कॉफीची तोडणी पाहता येईल, अंगणात वाळत घातलेल्या बियाही दिसतील. मुक्कामाचे पैसे थेट त्या घरात किंवा गावच्या सहकारी संस्थेत पोहोचतात ना, हे विचारून घ्यावे. आणि बागेत शिरण्याआधी, फोटो काढण्याआधी घरच्या माणसांची परवानगी घ्यावी.

— एक बागायतदार, सावंतवाडी