मनू, रविवारच्या फोनबद्दल

मनू,

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस "बाबा, तुम्ही माझे ईई नाही", तेव्हा फोन स्पीकरवर होता त्यामुळे आईनेही ऐकलं, ती अजून हसतेय. मी डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालो गं, ईई म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर कधी झालोच नाही, तेव्हा तुझं म्हणणं बरोबरच आहे. मला राग आलेला नाही.

तुझ्या इंजिनिअरच्या लायसन्ससाठी दरवर्षी जे शिकण्याचे तास भरायचे असतात, त्यांचा विषय काढणार नव्हतो. पण १९ पैकी ६ झालेत आणि नोव्हेंबर संपत आला, हे तूच बोलून गेलीस. जानेवारीतली प्रश्नावली आणि ते मॉड्यूल ३१ तारखेच्या आत केलंस, मग उरलेलं असं कसं राहिलं? जास्तीत जास्त ३० तास लावतात, तुला तर १९च आलेत. ३१ डिसेंबरपर्यंत तासांचा रिपोर्ट गेला नाही तर लायसन्स सस्पेंड करू शकतात, म्हणजे ओंटारियोत नावापुढे पी.इंग. (प्रोफेशनल इंजिनिअर) लावायचं नाही, सही-शिक्का बंद. हे मला कोणी सांगितलं? तूच, २०२३ ला हे 'पीक' (PEAK), म्हणजे प्रश्नावली, मॉड्यूल आणि तास, सगळ्यांना कंपल्सरी झालं तेव्हा.

आणि तेव्हाच ते ओंटारियोतल्या एलियट लेक गावच्या मॉलचं सांगितलं होतंस, आठवतंय? गच्चीवर पार्किंग, ते पहिल्यापासून गळायचं, बर्फासाठी टाकलेल्या मिठाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून खालच्या स्टीलचा जॉइंट गंजून गेला आणि जून २०१२ मध्ये छत खाली आलं, दोन बायका गेल्या. काही आठवडे आधीच एक इंजिनिअर पाहून गेला होता आणि स्ट्रक्चर ठीक आहे म्हणाला होता. चौकशी आयोगाने २०१४ च्या रिपोर्टमध्ये सांगितलं की इंजिनिअरांना सतत शिकत राहणं सक्तीचं करा. म्हणजे हे तास कुणा बाबूच्या डोक्यातून आलेले नाहीत. तू म्हणालीस "नुसता पेपरवर्क आहे बाबा", ते मला लागलं. झालं, लेक्चर सुरू झालं बघ, सॉरी.

आमच्याकडे असलं काही नव्हतं. नाशिकला मेटात, म्हणजे सरकारी इंजिनिअरांच्या ट्रेनिंग अकादमीत पाठवायचे, तेही नंबर लागला तर, आणि एकदा डिग्री हातात पडली की पेन्शनीपर्यंत कोणी विचारत नाही. २००० साली आयएस ४५६ हा काँक्रीटचा कोड बदलला, आरसीसीला किमान एम२० ग्रेडचं काँक्रीट आलं, तर आमचे कॉन्ट्रॅक्टर म्हणायचे साहेब आयुष्यभर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) टाकलंय, काय पडलंय का? त्यांच्याशी भांडायचं म्हणजे आधी मला कोड माहीत पाहिजे. कोड पिशवीत घालून साइटवर न्यायचो, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून वाचायचो आणि तू शाळेला सुट्टी असली की बरोबर यायचीस. काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरताना एका थराला सळीचे ३५ ठोके, ते तू मोठ्याने मोजायचीस, आणि गवंड्याने ३० ला थांबवलं की ओरडायचीस "काका, पाच राहिले!" सगळी साइट हसायची, मीही हसायचो, पण रात्री आईला सांगितलं होतं की ही पोरगी सोडणार नाही कुणाला.

आता तीच पोरगी म्हणते बघू डिसेंबरच्या शेवटी.

खरं सांगू का, मला तासांची तेवढी नाही, तुझी काळजी वाटते. गेल्या महिन्यात व्हिडिओवर बघितलं, ओजू कडेवर, दुसऱ्या हातात लॅपटॉप, डोळ्याखाली काळं. थायरॉईडची गोळी घेतेस ना रोज? निखिलरावांची नाइट शिफ्ट, तुझं ऑफिस, डेकेअरची धावपळ, मला कळतं सगळं. पण ते लायसन्स कसं मिळवलंस ते पण मी बघितलंय ना, दिवसा ग्रोसरीच्या काउंटरला उभी आणि रात्री परीक्षेचा अभ्यास. शिक्का हातात आला त्या दिवशी फोटो पाठवलास, तो मी कराडच्या स्टँडवर भेटलेल्या माणसालासुद्धा दाखवला, ओळख ना पाळख. असं काहीतरी एका रिपोर्टपायी अडकायला नको. बस, आता नाही बोलत.

एक सुचवतो, पटलं तर बघ. तुझ्याकडे रात्री साडेआठ म्हणजे इकडे सकाळचे सात, माझा चहा झालेला असतो. आठवड्यातून चार दिवस ओजूसमोर फोन लावून ठेव, निखिलरावांच्या आईंचा टॅब आहे ना तो चालेल, त्याला स्टँड पण आहे. मी त्याला तासभर गुंतवून ठेवतो, आई गाणी म्हणेल, तू शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून वेबिनार उरकून घे. तो रडला तर हाक मारीन. १३ तास आहेत, नाताळच्या आत होऊन जातील, मी हिशोब केलाय. सोमवारपासून चालेल का तेवढं कळव.

बाबा

ता.क. भाजणी आणि मेतकूट कुरिअरला दिलंय, आईने डब्यावर चिठ्ठ्या लावल्यात, त्या काढू नकोस.