मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्याने पोट कशावर भरायचं?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

परळच्या एका मैदानावर गेली अकरा वर्षं मी पोरांना फुटबॉल शिकवतोय. त्याआधी इथल्याच लीगमध्ये राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू म्हणून खेळलो. एका गोवेकर प्रशिक्षकामुळे आज तुम्हाला हे पत्र लिहावंसं वाटलं.

30 नोव्हेंबर 2025 ला अहमदाबादेत आपल्या 17 वर्षांखालच्या मुलांनी इराणला हरवलं. आधी गोल खाल्ला, मग 2-1 ने मॅच काढली आणि आशियाई स्पर्धेची मुख्य फेरी गाठली. आमची नऊ-दहा पोरं एकाच मोबाइलवर डोकी खुपसून बघत होती. शिट्टी वाजल्यावर एकाने विचारलं, "सर, तो कोच कोण?" मी म्हटलं, बिबियानो फर्नांडिस. आधी गोव्यात खेळायचे, खेळणं थांबल्यावर मुलांकडे वळले.

2018 साली मलेशियात त्यांनीच 16 वर्षांखालच्या संघाला आशियाई उपांत्यपूर्व फेरीत नेलं होतं. व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखलं. साखळीत एकही गोल खाल्ला नाही. मग दक्षिण कोरियाकडून 0-1 अशी हार. ती एक मॅच निघाली असती तर 2019 च्या विश्वचषकात आपली पोरं स्वतःच्या बळावर गेली असती. 2017 ला आपण यजमान होतो म्हणून खेळलो, आपल्या नेरूळच्या स्टेडियमवरही सामने झाले. पण यजमान म्हणून खेळणं वेगळं आणि जिंकून जाणं वेगळं. व्हिएतनामविरुद्ध गोल मारणारा विक्रम प्रताप सिंह पुढे मुंबई सिटी या क्लबकडून खेळला. म्हणजे बिबियानोंनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी घडवलेल्या पोराचं फळ आपल्या शहराने खाल्लं.

मंत्रिमहोदय, मला या विजयांपेक्षा बिबियानोंची चिकाटी मोठी वाटते. 2017 पासून हा माणूस लहान वयोगटालाच धरून आहे. मोठ्या संघाची झगमग नाही, दर दोन वर्षांनी हातात नवी पोरं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं काम करणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो.

खेळाडूने पुढे प्रशिक्षक व्हायची ही वाट मुंबईला नवी नाही. महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेड संघाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते डेरिक परेरा. तेही जुने खेळाडूच, पुढे भारताच्या 23 वर्षांखालच्या संघाचे प्रशिक्षक झाले. 2010 ला महिंद्राचा संघ बंद झाला. मफतलाल, ओर्के मिल्स हे कंपन्यांचे संघ त्याच्या आधीच गेले होते. कंपनीच्या संघात खेळणाऱ्याला नोकरी असायची, खेळ संपला तरी चूल पेटायची, संध्याकाळी तो मैदानावर पोरांना शिकवायचा. मी ज्यांच्याकडे शिकलो ते सगळे असेच. आज माझ्यासोबतचा गोलकीपर रात्रपाळीला वॉचमन आहे. सकाळी सहाला डोळे चोळत थेट मैदानावर येतो. मुलांना डाइव्ह मारायला इतकं छान शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, पण त्याच्याकडे प्रशिक्षकाचं लायसन्स नाही. कोर्सची फी आणि तितक्या दिवसांचा बुडालेला पगार, दोन्ही त्याला एकदम झेपत नाही.

आणि मैदान! मागच्या हिवाळ्यात मांडव घातला होता, तो निघाला पण खिळे तिथेच राहिले. एका बारा वर्षांच्या पोराच्या टाचेत खिळा घुसला, बूट लाल झाला. तेव्हापासून आम्ही जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून सरावाआधी मैदानभर ओढतो. पहिल्या दिवशी अर्धा डबा खिळे निघाले. तक्रार करायला गेलो तर या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं. मैदान पालिकेचं, शाळा शिक्षण खात्याची, खेळ तुमचा, आणि खिळा कोणाचाच नाही.

खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण ते पदक जिंकणाऱ्यापर्यंत पोचतं. जिल्हा-लीग खेळून थांबलेला, शिकवण्याची हातोटी असलेला माणूस त्यात बसत नाही. माझं मागणं त्याच्यासाठी आहे. ई आणि डी लायसन्सची, म्हणजे प्रशिक्षकाच्या पहिल्या पायऱ्यांची फी खात्याने भरावी, कोर्सच्या दिवसांचा भत्ता द्यावा. पास होणाऱ्याला पालिका शाळांच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ मानधनावर नेमावं, आणि तेही एका वर्षाच्या करारावर नको. आठ वर्षांचं पोर हाताशी धरलं तर सोळाव्या वर्षापर्यंत त्याला बघणारा माणूस तोच राहायला हवा. मांडवाला परवानगी देताना मैदान झाडून परत देण्याची अनामत घ्यावी, हे तर एका परिपत्रकाचं काम आहे. पालिका आणि शिक्षण खात्याला एका टेबलावर बसवणं मात्र तुमच्याच हातात आहे.

वॉचमन गोलकीपरला मी सांगून ठेवलंय की पुढच्या कोर्सचा अर्ज भर, फीचं बघू. ते 'बघू' आत्तापर्यंत मी माझ्या खिशावर म्हणत आलोय. या वेळी तुमच्या भरवशावर म्हणू का, एवढं कळवावं.

आपला,
परळचा एक फुटबॉल प्रशिक्षक