मोटर घूं करते, पाणी काहून येत नाही?

मोबाईलवर लोकांच्या प्रश्नांना नाव न सांगता उत्तरं देणाऱ्या भाऊ-ताईंना,

सप्रेम नमस्कार.

पत्र आभाराचं आहे, पण नुसत्या आभारानं तुमचं भागत नाही हे माहीत आहे. कोणी "धन्यवाद भाऊ" लिहिलं की तुम्ही उलट विचारता, "ते ठीक, पण मोटर चालली का?" आणि त्यावर बहुतेक वेळा काहीच येत नाही. पाणी आलं की माणूस मोबाईल खिशात टाकून वावरात जातो. म्हणून इथं तुमची काही उत्तरं पुन्हा मांडतो, ती का बरोबर होती ते सांगतो, आणि जिथं भर घालावीशी वाटली तिथं घालतो. शेवटी एक दुरुस्तीही आहे.

मोटरीपासूनच सुरू करू. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की प्रश्न ठरलेला: "मोटर घूं करते, पाणी काहून येत नाही?" यावर कोणी म्हणतं बेअरिंग गेलं, कोणी म्हणतं बोअरमधली मोटर वर काढा. वर काढा म्हणणं सोपं आहे. पाईप, केबल, दोर, चार माणसं आणि अर्धा दिवस लागतो. तुम्ही उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारल्या: लाईन सिंगल फेज की थ्री फेज? मोटर उचलतच नाही, की फिरते पण पाणी कमी फेकते? आणि डीपीवर, म्हणजे वावराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, काही काम झाल्यापासून असं होतंय का? निम्मं निदान या विचारपुशीतच होतं.

सिंगल फेजची मोटर घूं करून ओव्हरलोड पडत असेल तर पहिला संशय कॅपॅसिटरवर घ्यायचा. तो बोअरमध्ये नसतो, वरच्या पॅनलच्या पेटीत असतो, म्हणजे मोटर काढायचं कामच नाही. पेटीत सहसा दोन असतात, एक मोटर उचलून देणारा आणि एक ती चालू असेपर्यंत सोबत राहणारा. उचलून देणाऱ्याचं काम दोन-तीन सेकंदांचं. हिरवं बटन त्याहून जास्त वेळ दाबून धरलं की तो तापतो आणि फुटतो. डोकं फुगलेलं दिसलं, तेल गळालेलं दिसलं, जळका वास आला, की बदलायचा. बदलताना अंगावर छापलेला एमएफडीचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा, आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा त्याहून मोठा चालतो. "थोडा मोठा टाका, जोर येईल" हा सल्ला तुम्ही जागीच खोडून काढलात ते फार बरं केलं. एमएफडी वाढला की वाइंडिंगमधला करंट वाढतो, आज पाणी येतं आणि महिन्याभरात मोटर भरायला द्यावी लागते. शिवाय मेन स्विच पाडला तरी कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते हे तुम्ही दर वेळी न कंटाळता सांगता. होल्डरमधल्या साध्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून ती उतरवायची, पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडायची नाही.

यात भर एवढीच, की त्याआधी व्होल्टेज पाहायला सांगत जा. लाईनच्या शेवटच्या खांबावरचं वावर असेल आणि मीटरचा काटा १७०-१८० वर लोळत असेल, तर नवा कॅपॅसिटर टाकूनही मोटर घूंच करणार.

थ्री फेजची गोष्ट वेगळी. मोटर झोकात फिरते, करंटही घेते, पण पाणी निम्मंच, आणि हे डीपीवर काम झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे फेज उलटसुलट जोडले गेलेत आणि मोटर उलटी फिरते आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा पंखा डोळ्यानं दिसतो, पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबलचं काही दिसत नाही, म्हणून लोक बोअर आटला असं समजतात. मेन स्विच पाडून स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोघींची अदलाबदल करायची आणि पाणी पाहायचं. ज्या जोडणीत धार जास्त, ती सुलटी. तीनपैकी एक फ्यूज उडाला असेल तर मात्र मोटर नुसती घूं करते आणि तशीच ठेवली तर जळते. तो फ्यूज डीपीवरचा असेल तर तिथं चढू नका, लाईनमनला बोलवा, एवढं लिहून तुम्ही थांबलात. कारण मी जोडतो. रात्रपाळीची लाईन कधी येईल ते धरून चालता येत नाही, आणि एका बाजूनं बंद वाटणारी तार दुसऱ्या बाजूनं जिवंत असू शकते. ऑटो स्विच लावलेल्या स्टार्टरचंही तसंच, लाईन येताच तो कोणाला न विचारता मोटर चालू करतो.

मे महिन्यातला तुमचा दुसरा मोठा उपकार सोयाबीनचा. "घरची थैली पेरू का?" याला हो किंवा नाही न म्हणता तुम्ही १०० दाणे मोजायला लावले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीत ठेवणं, रोज पाण्याचा शिपका, आणि पाचव्या दिवशी मोजणी. ७० उगवले तर एकरी ३० किलो. कमी उगवले तर ३० ला ७० नं गुणून आलेल्या कोंबांनी भागायचं. ६० आले तर ३५ किलो. ५० आले तर हिशेबानं ४२ किलो होतं, पण अशी थैली बाजारात नेलेली बरी, कारण उगवलेला दाणाही तिथं कमजोरच असतो.

या चाचणीत माणसं कुठं फसतात ते तुम्ही नेमकं पकडलं. दाणे निवडून घेतात! टपोरे, गोल, पिवळेधमक. गोणपाटावर ८५ उगवतात आणि वावरात ६०. मूठ थैलीच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायची, आणि फुटका-सुरकुतलेला जो येईल तो मोजायचा. फक्त मूळ फुटलेला किंवा वाकडातिकडा कोंब उगवलेल्यात धरायचा नाही. सोयाबीनची साल पातळ, आतला अंकुर अगदी सालीलगत. थैली बंडीवरून आपटली की बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र दाणा मेलेला असतो. हे कळलं की हमालाला "हळू ठेव बापा" म्हणायला कोणी विसरत नाही.

बीजप्रक्रियेचा क्रमही तुम्ही बरोबर दिला. बुरशीनाशक आधी, जिवाणू खत सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर आणि सावलीत. उलट केलं तर बुरशीनाशक त्या जिवाणूंनाही सोडत नाही. बाकी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका आणि दाणा ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली घालू नका, हे माहीत सगळ्यांना असतं. पहिल्या पावसाच्या वासानं विसरायला होतं.

पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, फवारणीत तुमचं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे: "झाकण हे माप नाही." प्रत्येक कंपनीच्या बाटलीचं झाकण वेगळं. लेबलावर १० लिटर पाण्याला किती ते पाहायचं आणि १५ लिटरच्या पंपाला त्याची दीडपट घ्यायची. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून तिथं हिशेब एकरावर धरायचा, पंपावर नाही. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका, वारा पाठीवर घ्या, हातमोजे आणि मास्क घाला, मधेच तंबाखू मळू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी या ओळी कोणाला बारीकसारीक वाटू नयेत.

तुमचं सगळ्यात चांगलं उत्तर मात्र सगळ्यात आखूड होतं. कोणीतरी पायावरच्या दोन ठिपक्यांचा फोटो टाकून विचारलं, "कोणता साप असेल?" तुम्ही साप ओळखत बसला नाहीत. "१०८ लावा, माणसाला चालू देऊ नका, सरकारी दवाखाना गाठा." बस. एरवी सतरा प्रश्न विचारणाऱ्यानं इथं एकही विचारला नाही, ही खरी जाण. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस म्हणजे आपली परड, आणि फुरसं या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवायचं कारण नाही. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही. अंगठी, जोडवी, पैंजण सूज चढण्याआधी काढायचे, आणि पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा. पावसाळ्यात रात्री खाली झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बहुधा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, आणि घरचे पित्ताची गोळी देतात. तेव्हा पहाटेची पोटदुखी आणि झाकणाऱ्या पापण्या एकत्र दिसल्या की ठिपके सापडोत न सापडोत, दवाखाना. हे पुढच्या वेळी जोडून द्या.

मोबाईलवरून होणाऱ्या पैशाच्या फसवणुकीचं तर एका ओळीत आटोपलंत: पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि गेलेच तर त्याच घटकेला १९३० लावा.

आता कुरोड्यांच्या ताई. त्यांचं उत्तर वाचून वाटतं, चीक हाटणाऱ्या बाईला इंजिनिअर म्हणायला हरकत नाही. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून रात्रभर निवळू द्यायचं आणि सकाळी वरचं पिवळट पाणी पूर्ण काढायचं. इथंच घाई होते. ते पाणी राहिलं की कुरोडी आंबूस होते आणि रंगही काळपट येतो. जेवढा चीक तेवढंच पाणी मापून, मीठ-हिंग घालून खळखळ उकळवायचं, आणि चिकाची बारीक धार सोडत एकसारखं हाटायचं. धार आणि हात यांत एकही क्षण खंड पडला की गाठी. झाकून वाफ द्यायची. शिजला की नाही ते ओल्या बोटानं कळतं: चिकटत नसेल आणि पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली असेल तर उतरवा. कच्चा राहिला तर वाळल्यावर तुकडे पडतात आणि तळताना फुलत नाही. साच्यात गरमच भरायचा, थंड झाला की मनगट दुखतं आणि साचा रुसतो.

तुमच्यापैकी एकानं माठ आणि कूलर एकाच दावणीला बांधले, ते फार आवडलं. प्रश्न दोन होते: जुना माठ पाणी गार का करत नाही, आणि जुलैत कूलर लावला की अंग चिकट काहून होतं. दोन्हीकडे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठाची छिद्रं खाऱ्या पाण्याच्या क्षारांनी बुजली की पाझर थांबतो आणि गारवाही. काथ्यानं बाहेरून-आतून घासायचा, साबण लावायचा नाही, आणि खालची वाळू ओली ठेवायची. कूलरला हवाच कोरडी लागते. मे महिन्यात ४५ अंशांत हवेत ओल २० टक्क्यांच्या आसपास असेल तर कूलरसमोर ३० पर्यंत उतरतं. पावसाळ्यात हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठं? म्हणूनच समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर मेमध्येही खोली दमट होते. गवतावर पांढरी खपली धरू नये म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची. कूलरच्या पत्र्याला हात लावण्याआधी किंवा पाणी भरण्याआधी बटन बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून ओढायची. वायरिंग उलटं असेल तर बटन फक्त न्यूट्रल तोडतं, आणि आत कुठं गळती असेल तर पत्रा जिवंतच राहतो. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यावर पैसे वाचवू नयेत.

बुलडाण्याच्या लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हाही तुम्ही चमत्कार आणि कोप दोन्ही बाजूला ठेवले. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात खारट पाण्यात जगणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतून हे पुढं आलं. भरून नेलेलं ते पाणी भांड्यात स्थिर ठेवलं की जीव तळाशी बसतात आणि वर बिनरंगी पाणी उरतं. फोटोंपेक्षा ही माहिती जास्त मजेची.

आता दुरुस्ती. "दोन एकराचा सातबारा ०.८१ हेक्टर काहून दाखवतो?" याला तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर, एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, दोनाचे ०.८१ होतात, कोणी वाढवूनही दिलं नाही आणि खाल्लंही नाही. सातबारा हे नाव गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचं, हेही बरोबर. पण पुढं ओघात "गुंठा आणि आर एकच" असं लिहून गेलात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. एका गुंठ्यात काही कळत नाही. पाच एकरांत २०० गुंठ्यांचे २०२.३४ आर होतात, म्हणजे सव्वादोन आरांहून जास्त फरक, आणि आपल्याकडे धुऱ्याच्या भांडणाला तेवढा रगड पुरतो. तेवढं बदलून घ्या.

आणि हो, माझी मोटर चालली. दोन वायरी बदलल्या आणि धार आली.

आपला,
शेवटच्या खांबावरचा एक जण