भुसे साहेब, आमचं ड्रोन सुतळीला बांधलेलं आहे

मा. दादाजी भुसे साहेब, शालेय शिक्षणमंत्री,

साहेब, तुम्ही मालेगावचे म्हणजे जिल्ह्यातलेच, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मी नाशिकरोडला उपनगरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांनी वर्गणी काढून एक ड्रोन जोडलंय आणि ते आम्ही हॉलमध्ये पंखे बंद करून, सुतळीने बाकाला बांधून उडवतो. पहिल्या दिवशी त्याने जागेवरच पलटी मारली, दोन पाती उलटसुलट बसली होती. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या मोटरी एका दिशेने फिरतात आणि शेजारच्या उलट, हे मी फळ्यावर तीनदा काढून दाखवलं होतं, पण डोक्यात शिरलं ते पलटीनंतरच.

बाहेर का नाही उडवत? बाजूलाच गांधीनगरला आर्मीचं एअरफील्ड, पलीकडे देवळाली कॅम्प, इकडे नोटांचा प्रेस. विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे आधी परवानगी न घेता ड्रोन उडवता येतं ती हद्द, नसतोच. बरोबरच आहे ते, डोक्यावरून हेलिकॉप्टर जातात तिथे आमचं खेळणं कशाला!

दुखणं वेगळंय. 2021 च्या ड्रोन नियमांत सरकारमान्य शिक्षणसंस्थांना रिसर्च-टेस्टिंगसाठी लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे, फक्त जागा ग्रीन झोनमधली आणि आपल्या ताब्यातली पाहिजे. पण मुख्याध्यापक विचारतात, "परिपत्रक आहे का?" एका ऑफिसात गेलो तर दुसरीकडे पाठवलं, तिथून परत पहिल्याच ऑफिसात, आणि पोरं विचारतात सर काय झालं.

तिकडे केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना महिलांच्या 15,000 बचत गटांना शेतफवारणीसाठी ड्रोन द्यायला निघालीय. द्राक्षाला आपल्याकडे अजून ट्रॅक्टरचा फवारणी ब्लोअरच फिरतो, पण मका-सोयाबीनवर ड्रोन आलंच की. पायलट सर्टिफिकेटला दहावी पास आणि 18 वर्षं पूर्ण लागतात. मधली दोन-तीन वर्षं पोरांनी नुसत्या रील बघायच्या का?

तर मागणी एवढीच: ही सूट शाळांना लागू पडते का, कशी पडते, याचं एक पानी परिपत्रक काढा, आणि सिन्नरकडे ग्रीन झोनमध्ये झेडपीची एखादी पडीक जागा महिन्यातून एक शनिवार शाळांच्या ताब्यात द्या. एसटीचं भाडं आम्ही बघतो.

ता.क. 250 ग्रॅमच्या आतलं नॅनो, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातलं ड्रोन आणा, असं सांगू नका. आमचं किराणा दुकानाच्या काट्यावर 1 किलो 140 भरलंय, सुतळी सोडून.

आपला,
एक विज्ञानाचा मास्तर, नाशिकरोड