धाकटीचं चौथं प्रकरण

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. पत्र लिहितोय ते धाकटीसाठी.

परवा रात्री उशिरा तिचा फोन आला. "दादा, प्रबंध सोडून देते," म्हणाली. रडली नाही रे. रडली असती तर मला इतकी धास्ती वाटली नसती. घरात अजून कुणाला बोललो नाही. तुला सांगतोय, कारण तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखणारा आणि स्वतः प्रबंधापायी पिचून निघालेला तू एकटाच आहेस.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. तिनेच डायरी पुढे सरकवली. रोजच्या पानावर वीसेक कामं. पेपर तपासणं, विभागाच्या चर्चासत्राची पत्रं, कुणाच्या तरी अर्जाचं शुद्धलेखन, मैत्रिणीच्या भावाला मार्गदर्शन. सगळ्यात खाली "प्रकरण ४", आणि त्यापुढे उद्याच्या पानाकडे जाणारा बाण. मी पानं मागे उलटत गेलो, बाण संपेनात. वरच्या कामांपुढे मात्र नीट बरोबरच्या खुणा. पोरगी मान मोडून काम करते बाळ्या, आणि तरीही स्वतःचं काम तसंच पडून.

त्या वरच्या प्रत्येक कामामागे कुणीतरी उभं आहे, "झालं का?" म्हणून विचारणारं. प्रकरणामागे कुणीच नाही. ते आज राहिलं तर आज काहीही बिघडत नाही, म्हणून रोज तेच राहतं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात कुणा माजी कॉलेज-अध्यक्षाचा दाखला देऊन हेच सांगितलं होतं: तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात. पुढे लोकांनी त्यावरून कामं तातडीची की नाहीत, महत्त्वाची की नाहीत, अशा चार चौकटींचा तक्ता केला. तो धाकटीच्या भिंतीवरही आहे! कामं चौकटीत बसवली तरी सकाळचे तास कुणाला द्यायचे हे ठरवावंच लागतं, आणि तिथे कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. ते तिला जमत नाही.

आता तू आपल्या त्या जुन्या एकांकिकेचा विषय काढशील. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं आणि तू त्यावर लाल खडूने "जेलर" लिहिलंस. ऐनवेळी सुचतं तेच खरं, हे तुझं पालुपद. लंबू अजून तुझीच बाजू घेतो. घेऊ दे. शेवटचा प्रवेश तू मेकअपच्या खोलीत लिहिलास आणि लंबूने तार वाचतोय असं भासवत कागद हातात धरून अख्खा म्हटला, हे मी विसरलेलो नाही. एकांकिका तरली. पण प्रबंधाची ऐनवेळ उगवते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणि अंदाज! कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांचा १९९४चा एक अभ्यास आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही अपुरा पडला. मी धाकटीला विचारलं, चौथ्याला किती? म्हणाली, दीड महिना. आधीच्या तिन्हींना? जरा गप्प बसली. मग म्हणाली, एकेकाला पाचेक महिने. मग यालाही पाचच धर, म्हटलं. घाबरेल असं वाटलं होतं, उलट खांदे सैल सोडून बसली.

मग दोघांनी मिळून आखणी केली. सकाळचे दोन तास प्रकरणाला, फोन बाहेरच्या खोलीत. डायरीत नुसतं "प्रकरण ४" लिहायचं नाही, "दुसऱ्या तक्त्याचं विश्लेषण, पहिला परिच्छेद" असं लिहायचं. बाकीची कामं दुपारी, आणि आठवड्यातली एक दुपार कोरी, कारण काही ना काही येऊन पडतंच. गच्च भरलेला कागद फाडावासा वाटतो, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं.

घोडं अडलंय ते चर्चासत्रापाशी. ते काम परत करायला ती धजत नाही. "सर काय म्हणतील?" सर म्हणे तिच्या तत्परतेचं सगळ्यांसमोर कौतुक करतात. हे कौतुकच मला खुपतं. सगळ्यांच्या उपयोगी पडता पडता तिची उमेदीची वर्षं चाललीत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मी सांगितलं तर ती "हो दादा" म्हणते आणि विषय संपतो. तुझं मात्र मनावर घेते. तू तुझ्या गाईडना पाहुण्यांची सरबराई करायला नकार दिला होतास ना, तो तिला जसाच्या तसा ऐकव. शिव्या तेवढ्या गाळ.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं नवं काम रुळलं का? पिंट्या चालायला लागला असेल, फोटो पाठव.

धाकटीला फोन संध्याकाळी कर. सकाळी केलास आणि तिने उचलला, तर आधी चांगला रागव.

तुझाच