क्रँककेसला तडा गेला म्हणून इंजिन भंगारात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरदार सरोवराचे पाणी नंदुरबार जिल्ह्यात शिरल्यापासून अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील मणिबेली, चिमलखेडी यांसारख्या नर्मदाकाठच्या गावांचे येणे-जाणे बऱ्याच अंशी होडीवर अवलंबून आहे. २०१९ मध्ये हे धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. अशा ठिकाणी होडीमागच्या जुन्या आऊटबोर्ड इंजिनच्या क्रँककेसला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याभोवतीच्या ओतीव पेटीला, तडा गेला, की एक तर ते किलोच्या भावाने भंगारात जाते, नाही तर तड्यावर इपॉक्सी थापून पुन्हा पाण्यात उतरवले जाते. हे दोन्ही टाळता येते, म्हणून हे पत्र.

जुनी इंजिने बहुधा टू-स्ट्रोक असतात. त्यांत पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, पिस्टन खाली येताना तिथेच दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. केसाएवढ्या तड्यातूनही बाहेरची हवा आत ओढली गेली, तर मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि ऐन धरणाच्या मध्यावर इंजिन जाम होते. म्हणून वरवरचा लेप हा इथे उपाय नव्हे. पेट्रोल, उष्णता आणि हादरे यांपुढे तो फार काळ टिकत नाही.

खरी दुरुस्ती स्वच्छतेपासून सुरू होते. इंजिन पूर्ण खोलून क्रँककेस अनेकदा धुवावी आणि सुकवावी, कारण अॅल्युमिनियमच्या ओतकामात मुरलेले तेल वेल्डिंगच्या वेळी वर येऊन जोड सच्छिद्र करते, आणि पेट्रोलची वाफ राहिली तर जिवावर बेतते. तड्यावर लाल डाय (भेगेत शिरणारा रंग) लावून पुसावा व त्यावर पांढरा डेव्हलपर (तो रंग शोषून वर आणणारी पूड) मारावा. डोळ्यांना न दिसलेली रेघ त्यावर लाल होऊन उमटते आणि तडा खरोखर कुठे संपतो ते कळते. त्या टोकांना बारीक भोक पाडून, तड्यात व्ही आकाराची खाच घेऊन, केस सावकाश गरम करून अर्गॉन वेल्डिंग (अर्गॉन वायूच्या आवरणात केलेले वेल्डिंग) करावे आणि गरम कोरड्या वाळूत हळूहळू निवू द्यावे. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. तो थर फोडण्यासाठी एसी करंट लागतो, म्हणून साध्या वेल्डिंगवाल्याच्या हाती हे काम देऊ नये.

केसचे दोन अर्धे भाग कारखान्यात एकत्र जोडूनच बोअर केलेले, म्हणजे बेअरिंगसाठी गोल कोरलेले, असतात. त्यामुळे एका इंजिनचा अर्धा भाग दुसऱ्याला लावू नये. जुना माल घ्यायचा तर जोडीच घ्यावी. वेल्डिंगनंतर दोन भाग जिथे मिळतात ते पृष्ठ सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) तपासावे आणि भाग बोल्टने आवळून बेअरिंगचे बोअर मोजावे. तडा बेअरिंगच्या बैठकीतूनच गेला असेल, तर मात्र ती केस सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासी वाहणाऱ्या होडीवर तो धोका पत्करू नये.

मोटारींची अॅल्युमिनियम हेड आणि चेंबर जोडणारे अर्गॉन वेल्डर शहरांत मिळतात, पण होडीवाल्यांना त्यांची माहिती नसते आणि वेल्डरला आऊटबोर्डची. जिल्हा प्रशासनाने आयटीआयच्या वेल्डर व फिटर विभागांत हे काम शिकवावे, आणि नर्मदाकाठच्या तरुणांना त्यात प्राधान्य देऊन पावसाळ्याआधी होडीच्या इंजिनांची तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक फिटर, शहादा